घरच्यांचा ट्रस्ट काढताय? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी बघा

वडिलांचं वर्षश्राद्ध झालं की सोलापुरातल्या पुष्कळ घरांत एक बैठक बसते. चादरी-टॉवेलच्या कारखान्यावर दोन पिढ्या उभ्या राहिल्या, मुलं पुण्या-हैदराबादेत स्थिरावली, आता दादांच्या नावानं काहीतरी करू या. होतकरू पोरांच्या फिया भरू, एखादी अभ्यासिका काढू, वस्तीत काम करणाऱ्या छोट्या संस्थांना हातभार लावू. या गावाला हे नवं नाही, हिराचंद नेमचंद वाचनालय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पैसे तयार असतात, हौसही असते. आणि मग अर्ज त्रुटी लागून परत येतो.

असे अर्ज भरून द्यायला मी बरीच वर्षं बसतोय. परत आलेल्या फायली चाळल्या की दुखणं एकच निघतं. पैसा घरचा असला तरी नोंदणी झाली की ट्रस्ट घरचा राहत नाही, आणि हे घरच्यांच्या गळी उतरत नाही.

नेहमीचा भाग आधी उरकू. ‘फाउंडेशन’ असा वेगळा प्रकार कायद्यात नाही, तो नावापुरता शब्द आहे. पर्याय तीन: ट्रस्ट, १८६० च्या कायद्याखालची सोसायटी (किमान सात सभासद लागतात), नाहीतर कंपनी कायद्याच्या कलम ८ ची, नफा न वाटणारी कंपनी. चार-पाच माणसांच्या घरगुती कामाला ट्रस्ट बरा. न्यासपत्र, म्हणजे ट्रस्ट निर्माण करणारा दस्त, करायचं, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणीचा अर्ज द्यायचा. अर्ज ऑनलाइन भरला तरी सहीचे कागद घेऊन जावंच लागतं, त्यामुळे ‘सगळं ऑनलाइन झालंय’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि झेरॉक्स काढून ठेवा. सोबत विश्वस्तांचे आधार, पॅन, फोटो, संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र, जागेचा पुरावा आणि जागामालकाची ना हरकत. मग ट्रस्टचं पॅन, बँक खातं, आणि शेवटी आयकराची बारा-ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला सूट) आणि ऐंशी-जी (देणगीदाराला करसवलत).

या यादीत गळ्यात अडकणारा कागद म्हणजे जागेचा.

पत्ता म्हणून सगळे राहतं घर देतात. मागच्या उन्हाळ्यात साखर पेठेतले दोघे भाऊ आले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी सिटी सर्व्हेचा उतारा काढला, घड्यांवर चिरलेला, मागून सेलोटेप लावलेला. लाईट बिल वारलेल्या वडिलांच्या नावावर, घरपट्टी आजोबांच्या, उताऱ्यावरही आजोबाच. ना हरकतीवर सही मात्र थोरल्याची, ‘जागामालक’ म्हणून. कुठल्या नात्यानं? वारसनोंद झालेली नव्हती. आजोबांचे वारस पाच, त्यातली एक आत्या भिवंडीला. तिच्या सहीसाठी दोन महिने गेले, कारण आत्यानं फोनवर सरळ विचारलं, “माझ्या भावाच्या नावानं करताय ना? मग मला आधी का नाही विचारलं?” तिचं काय चुकलं सांगा.

तुमच्याकडे अशीच गत असेल तर घराचा हट्ट सोडा. ज्याचा उतारा स्वच्छ आहे अशा विश्वस्ताचा फ्लॅट किंवा दुकानाचा गाळा द्या. तेही नसेल तर रीतसर भाडेकरार केलेली दहा बाय दहाची खोली चालते. घरच द्यायचं असेल तर आधी वारसनोंद करून घ्या, किंवा सगळ्या वारसांचं संमतीपत्र नोटरी करून आणा. सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांचं, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचंही.

दुसरं बारीक कुसळ म्हणजे नावं. सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी लिहायची रीत. आधारवर ते पहिलं, पॅनवर शेवटी, आणि न्यासपत्रात टायपिस्टला सुचेल तिथे. माणूस एकच आहे हे तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक, पण कॉम्प्युटर मानत नाही. न्यासपत्र टाइप करायला देण्याआधी प्रत्येक विश्वस्ताचं पॅन समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच उतरवा. ट्रस्टच्या नावाचंही तेच. न्यासपत्रात ‘प्रतिष्ठान’ आणि पॅनवर ‘फाउंडेशन’ झालं की बँकेपासून आयकरापर्यंत प्रत्येक खिडकीवर खुलासा लिहीत बसाल.

आता मुदत. १९५० च्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ट्रस्ट निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज द्यायचा असतो. ट्रस्ट निर्माण कधी होतो? न्यासपत्रावर सह्या होतात त्या दिवशी. पॅन आल्यावर नाही, खातं उघडल्यावर नाही, उद्घाटनाच्या दिवशी तर नाहीच. पण आपल्याकडे न्यासपत्र करायचं ते पुण्यतिथीलाच. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीतून वाट काढत सह्या करतात, मग परीक्षा, मग उन्हाळा, मग लग्नसराई, आणि अर्ज घेऊन येतात दसऱ्याला. उशीर का झाला याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. भावना समजते मला, पण उलटं करा. उतारा, संमतीपत्रं, नावं, सगळं आधी जमवा आणि सह्या शेवटी घ्या. पुण्यतिथीला फोटोला हार घाला.

न्यासपत्रातली उद्दिष्टं लिहिताना लोक सर्वांत मोठी चूक करतात, आणि ती धर्मादायच्या खिडकीवर नव्हे, पुढे आयकरात बाहेर येते. ‘आमच्या समाजातील गरीब विद्यार्थ्यांना मदत.’ वाक्य साधं दिसतं. पण विशिष्ट धर्म-समाजाच्या किंवा जातीच्या फायद्यासाठी काढलेल्या धर्मादाय ट्रस्टला आयकरात सूट मिळत नाही आणि ऐंशी-जीही नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुलं यांच्यासाठीचा ट्रस्ट यातून वगळलेला आहे, तरी एकाच जातीचं नाव लिहून वाद का ओढवून घ्यायचा? ‘सोलापूर जिल्ह्यातील गरजू विद्यार्थी, यंत्रमाग व विडी कामगारांच्या मुलांना प्राधान्य’ असं लिहा. मदत जिथे जायची तिथेच जाते, आणि शेजारच्या गल्लीतल्या हुशार पोरीलाही दार उघडं राहतं.

पुतण्याची इंजिनिअरिंगची फी ट्रस्टमधून भरायचं मनातही आणू नका. संस्थापक, विश्वस्त आणि त्यांचे नातेवाईक यांना फायदा दिला की सूट धोक्यात येते. ‘पण तो खरंच गरजू आहे’ हे मी अनेकदा ऐकलंय. असेल. खिशातून भरा.

अभ्यासिकेचंही जरा जपून. एमपीएससीच्या मुलांकडून महिन्याला पैसे घेणार असाल तर ते ‘शिक्षण’ म्हणून खपेल असं धरून चालू नका. आयकरातल्या सर्वसाधारण लोकोपयोगी कामाच्या सदरात गेलं आणि धंद्यासारखी फी घेतली, तर अशी जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांत ठेवावी लागते. मोफत चालवा, नाहीतर सीएशी आधी बोला. संस्थांना मदत करायची असेल तर ‘नागरी समाजाचे सबलीकरण’ असले ढगातले शब्द टाळून वाचनालय, युवक शिबिरं, महिला गट असं नाव घेऊन लिहा. विचारणाऱ्याला उत्तर देणं सोपं जातं.

न्यासपत्र करताना उत्साहाच्या भरात घर किंवा प्लॉट ट्रस्टला देऊन टाकू नका. एकदा ट्रस्टची झालेली स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ प्रमाणे आणि गहाण ठेवून कर्ज काढायचं तर कलम ३६-ए प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तरी लागते. एक गृहस्थ मला म्हणाले, “माझंच घर, माझाच ट्रस्ट, परवानगी कसली?” समजावता समजावता चहा गार झाला. सुरुवात बँकेतल्या ठेवीनं करा.

विश्वस्त सगळे एकाच घरातले ठेवू नका, एखादे निवृत्त गुरुजी किंवा बाई घ्या. ‘तहहयात’ हा शब्द सढळ हातानं वापरू नका. २०२५ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती करून तहहयात विश्वस्तांवर मर्यादा आणली आहे. आणि नवा विश्वस्त कोणी, कसा नेमायचा हे कलम न्यासपत्रात हवंच. नेटवरून उतरवलेल्या नमुन्यात ते बऱ्याचदा नसतं, आणि मग संस्थापक गेल्यावर नेमणुकीसाठी कलम ४७ खाली अर्ज करत फिरावं लागतं.

आयकरातली मुदत तर हमखास चुकते. नव्या ट्रस्टला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. प्रमाणपत्रावर तीन वर्षं वाचून लोक निवांत होतात. पक्क्या नोंदणीचा अर्ज मात्र काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, किंवा तात्पुरती नोंदणी संपायच्या सहा महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा द्यायचा असतो. जूनमध्ये पहिल्या पोराची फी भरलीत की घड्याळ सुरू झालं समजा. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत. बारा-ए, ऐंशी-जी ही नावं लोकांच्या तोंडी आहेत म्हणून मी तीच वापरतोय, फॉर्म मात्र सीएकडून चालू क्रमांकाचाच भरून घ्या. पक्क्या नोंदणीला कामाचा पुरावा मागतात. त्यासाठी फी थेट कॉलेजच्या खात्यावर भरा आणि पावती, बोनाफाईड, अर्ज एका पोराचं एका पिशवीत ठेवा. रोख वाटलेल्या पाकिटांचा फोटो हा पुरावा नव्हे. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी हवा असेल तर त्याची नोंदणी बारा-ए आणि ऐंशी-जी या दोन्हींनंतर, आधी होत नाही.

शेवटचा अडथळा वर्षांनी येतो. विश्वस्त वारला, राजीनामा दिला, पत्ता बदलला, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. दिवस मोजायचे ते मृत्यूच्या तारखेपासून, ठराव केलेल्या सभेपासून नाही. घरात दुःख असतं, कुणाला सुचत नाही, आणि परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवर, गेलेल्या माणसाचं नाव तसंच राहतं. मग कुणी मोठी मदत देऊ करतो, परिशिष्ट एकची ताजी नक्कल मागतो, आणि तुम्ही विलंब माफीचा अर्ज घेऊन तारखेची वाट बघत बाकावर बसता. महानगरपालिकेतून मृत्यूचे दाखले काढताना दोन जास्त काढा. एक बँकेला लागतो, एक या फायलीला.