हिमस्तराचा जमाखर्च : मोजणी आणि हवामान प्रारूपांची कसोटी

हिमस्तरावर, म्हणजे जमिनीवर दूरवर पसरलेल्या बर्फाच्या जाड थरावर, वर्षभरात पडणारे हिम ही जमा, तर वितळून वाहून जाणारे पाणी हा मुख्य खर्च. या दोहोंतील फरकाला पृष्ठीय वस्तुमान संतुलन म्हणतात. ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील हिमस्तरांची हवामान प्रारूपे, म्हणजे संगणकावरील गणिती प्रतिकृती, या मोजणीवर तपासली जातात.

कोयना धरणाची पातळी आठवडाभर स्थिर राहिली, एवढ्यावरून आवक आणि विसर्ग किती होता ते कळत नाही, आणि सांगलीत कृष्णाकाठी राहणाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. ग्रेस उपग्रहांनी २००२ पासून गुरुत्वाकर्षणातील बदलांवरून हिमस्तरांची घट मोजली. पण ती केवळ शिल्लक होय. प्रारूपाने हिमवृष्टी आणि वितळणे दोन्ही सारखेच जास्त धरले, तर शिल्लक जुळते आणि चूक झाकली जाते. म्हणून जमा व खर्च वेगवेगळे मोजणे अपरिहार्य ठरते.

यांपैकी जमा मोजणे अधिक अवघड आहे. महाबळेश्वरचा पाऊस पर्जन्यमापकात साठतो; हिमाचे हलके कण मात्र वाऱ्यासरशी मापकावरून निघून जातात आणि पडलेले हिमही पुन्हा उडते. त्यामुळे खड्डा खणून, त्याच्या भिंतीत ठरावीक मापाची नळी खुपसून, आतील हिमाचे वजन करतात. घनता कळल्याशिवाय जाडीला अर्थ नाही : घनमीटरला ३५० किलो भरणारे १ मीटर हिम म्हणजे ३५० मिमी पाणी. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर वर्षाची जमा ५० मिमीहूनही कमी असते. माण किंवा जतसारख्या दुष्काळी तालुक्यातील पाऊसही तिच्या कितीतरी पट भरतो. या पठारावर १८१५ च्या तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकाची गंधकयुक्त खूण बर्फात शोधून, तिच्यावरच्या थरांवरून वार्षिक सरासरी काढतात.

खर्चासाठी बर्फात खोल भोक पाडून काठी रोवतात. वर्षाने ती २ मीटर अधिक उघडी पडली, तर बर्फाची घनता घनमीटरला ९०० किलो धरून सुमारे १८०० मिमी पाणी गेले. पश्चिम ग्रीनलंडमध्ये उट्रेख्ट विद्यापीठाने १९९० पासून अशा काठ्यांची ओळ राखली आहे. इतक्या सलग नोंदींची बरोबरी थोड्या काळाची कोणतीही महागडी मोहीम करू शकत नाही.

उंचावरील सच्छिद्र हिमात मात्र काठी अपुरी पडते, कारण वितळलेले पाणी खाली झिरपून पुन्हा गोठते. जुलै २०१२ मध्ये ग्रीनलंडचा सुमारे ९७ टक्के पृष्ठभाग वितळू लागला, तरी उंच भागातील बरेचसे पाणी समुद्राकडे न जाता तेथेच गोठले. असे गोठलेले पातळ थर नंतर खणलेल्या खड्ड्यांत दिसतात, आणि ते किती खोलीवर, किती जाडीचे आहेत, हेही प्रारूपाला दाखवता यावे लागते.