बोलणारं खेळणं आणि बोलतं करणारं खेळणं

पोरगं अजून बोलत नाही म्हटलं की घरात पहिली खरेदी काय होते, तर कोल्हापुरात महाद्वार रोडवरनं एक बटणाचं खेळणं, दाबलं की 'ए फॉर ॲपल' म्हणणारं. खेळणं बोलतंय म्हणजे ऐकून ऐकून पोरगं पण बोलणार, असा हिशोब. लई जणांकडनं ऐकला हा हिशोब, म्हणून आता लिहितोच.

बटणाचं खेळणं तुमच्या घरात असणारच, वर्णन नको. सेलवर चालतं, आज्जीच्या डोक्याला ताप. दुसरीकडं साधी खेळणी, भातुकली, बॉल, ठोकळे, बेंदराला आणलेले मातीचे बैल. लाकडी का प्लॅस्टिक, महाग का स्वस्त ह्यावर भांडू नका, बोलण्याच्या बाबतीत काडीचा फरक पडत नाही.

खरी गोची एकच. बोलायची पाळी कुणाची हे बटणाच्या खेळण्याला कळत नाही. पोरानं 'बा' म्हणू दे, 'भू' म्हणू दे नायतर गप्प बसू दे, ते आपलं ठरलेलं वाजवणार. पोरगं बोलायला शिकतं ते त्यानं काढलेल्या आवाजाला कुणीतरी उत्तर दिल्यावर. आणि गंमत म्हणजे खेळणं बोलायला लागलं की मोठी माणसंच गप्प होतात. अमेरिकेत ॲना सोसा ह्या संशोधक बाईंनी १० ते १६ महिन्यांची २६ बाळं आईवडलांसोबत घरी खेळताना रेकॉर्ड केली, अभ्यास लहानच, २०१५ च्या डिसेंबरात आला. इलेक्ट्रॉनिक खेळणं असताना मोठी माणसं मिनिटाला साधारण ४० शब्द बोलली, साध्या खेळण्यांशी ५६, पुस्तक हातात असताना ६७.

आता तो मातीचा बैल घ्या. पोराच्या समोर जमिनीवर बसा. "बैल आला, टुकुटुकु आला, दमला, बैलाला पायजे..." आणि थांबा. खरंच थांबा, मनात पाच आकडे मोजा. पोरगं 'पा' म्हणेल, हात पुढं करेल, नुसतं बघेल, तेच उत्तर धरायचं आणि "पाणी! बैलाला पाणी पायजे" म्हणून वाटी सरकवायची. हे थांबणंच कुणाला जमत नाही बघा. दोन सेकंद झाले की आत्या सुरू, "म्हण बैल, म्हण की", मामा विचारणार "कलर कुठला? पाय किती?" अहो ही तोंडी परीक्षा झाली की! असं केलं तर मातीचा बैल पण बटणाचाच झाला समजा.

दोन वर्षांचं पोरगं झेडपर्यंत घडाघडा म्हणतंय आणि तहान लागली की माठाकडं बोट दाखवून रडतंय, ह्याचं कौतुक मला आजवर कळलेलं नाही.

बटणाचं आणलंच असेल तर सेल काढून द्या, बऱ्यापैकी खेळणं होतं.

आणि दोन वर्षं होऊन पण "पाणी दे", "बाबा आला" असे दोन शब्द जोडत नसेल, नायतर हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर खेळण्याच्या दुकानाआधी कानाची तपासणी आणि मग स्पीच थेरपिस्ट. "त्याचा बाप पण उशिराच बोलला" म्हणणाऱ्या काकूंना चहा द्या आणि तुम्ही अपॉइंटमेंट घ्या.