इंदूरचा नकाशा : गल्लीतून आणि आकाशातून

1917 साली इंदुरात प्लेगची दहशत होती. त्या दिवसांत एक दाढीवाला स्कॉटिश म्हातारा हातात नकाशा घेऊन गल्लीबोळ पालथे घालत असे. नकाशेवाला साहेब फिरू लागला की लोक धास्तावत, आणि ‘प्लेग आणणारा तो हाच’ अशी कुजबूज होई. तो होता पॅट्रिक गेडिस. मूळचा जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार झालेला. होळकर दरबाराने त्याला शहर पाहायला बोलावले होते. आधी पाहणी, मग निदान आणि उपचार सगळ्यात शेवटी, हा त्याचा क्रम. दाट वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याच्या त्या काळच्या रीतीला त्याचा ठाम विरोध होता.

लोकांची भीती घालवण्यासाठी त्याने महाराजांकडून एका दिवसापुरते अधिकार मागून घेतले आणि दिवाळीची मिरवणूक काढायचे ठरवले. मिरवणूक ठरलेल्या रस्त्याने जाणार नव्हती. जी गल्ली जास्त स्वच्छ, तिथून ती जाणार होती. शहर झाडून निघाले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिकृतीही होती. 1918 मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल दरबाराला सादर झाला.

आज नगर निगमात ज्याला जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणतात, त्याची कहाणी मला इथूनच सांगावीशी वाटते. संगणकावरचा हा नकाशा 1960 च्या दशकात कॅनडात जन्मला. जमिनीच्या वापराची मोजदाद करता करता रॉजर टॉमलिन्सन यांनी तो उभा केला. त्यातली कल्पना साधी आहे. रस्ते, नाले, नळवाहिन्या, घरे यांचे वेगवेगळे थर करायचे, ते एकमेकांवर ठेवायचे आणि प्रत्येक आकृतीला तिच्या माहितीचा तक्ता जोडायचा.

थरांवर थर ठेवल्याने काय दिसते, याचे उत्तम उदाहरण इंदुरातच आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस हिमांशु पारीख या अभियंत्याने शहराचे उतार आणि नाले यांच्याशी झोपडपट्ट्यांची जागा ताडून पाहिली. बहुतेक वस्त्या नाल्यांच्या काठाकाठाने पसरलेल्या होत्या. म्हणजे जिथून सांडपाणी आपल्या उताराने वाहून जाऊ शकते, नेमके तिथेच शहरातले सर्वांत गरीब लोक राहत होते. मग वस्त्यांना शहराच्या कडेला ढकलण्यापेक्षा त्यांच्यातूनच मलवाहिनी नेली तर वस्ती आणि कान्ह नदी दोन्हींचे भले होईल, असा त्यांचा विचार. ब्रिटिश मदतीने हे काम 183 वस्त्यांत झाले आणि 1998 मध्ये त्याला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पुढे देखभाल हवी तशी झाली नाही, अनेक वाहिन्या तुंबल्या. तरी निदान अचूक होते, असे मी आजही म्हणेन.

आपल्याच उपग्रहांची नियमित चित्रे मिळू लागली ती 1988 च्या आयआरएस-1ए या भारतीय उपग्रहानंतर. तपशीलवार नकाशे मात्र बरीच वर्षे परवानग्यांत अडकून राहिले. ती बंधने बऱ्यापैकी सैल झाली फेब्रुवारी 2021 मध्ये. मधल्या काळात 2005 ची जेएनएनयूआरएम आणि 2015 ची अमृत या केंद्राच्या शहरविकास योजनांनी शहरांना जीआयएसकडे वळवले.

निगमांना त्याचा पहिला उपयोग दिसला तो संपत्ती करात, म्हणजे घरपट्टीत. चित्रावरून प्रत्येक इमारतीची आकृती काढायची, तिला क्रमांक द्यायचा आणि कराच्या खात्याशी जुळवायचा. ज्या आकृतीला खातेच नाही, तिच्याकडे माणूस पाठवायचा. पण आमच्या रामबागेतल्या किंवा राजवाड्यामागच्या एखाद्या वाड्याचे काय होते? वरून दिसते एकच छप्पर. आत चार भावांच्या वाटण्या, दोन जुने भाडेकरू, पुढच्या बाजूला दुकान. मध्य प्रदेशात कर वार्षिक भाडेमूल्यावर ठरतो, म्हणून दुकान कोणते आणि राहते घर कोणते, हे दारात उभे राहूनच विचारावे लागते. कचरागाड्यांचे काम त्या मानाने सोपे. गाडीवर जीपीएस, वॉर्डाचा मार्ग नकाशावर, आणि गाडी कुठली गल्ली चुकली ते नियंत्रण कक्षात दिसते. 2017 पासून स्वच्छतेत इंदूर अव्वल ठरत आले, त्यात या शिस्तीचा वाटा आहे.

आणि मग 30 मार्च 2023. रामनवमी. पटेल नगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना पायाखालचा स्लॅब खचला. खाली जुनी बावडी होती, कधीकाळी वरून झाकून टाकलेली. 36 माणसे गेली. त्या दिवसाची आठवण निघाली की अजूनही घसा दाटून येतो. वर फरशी घातलेली विहीर उपग्रहाला दिसत नाही, ड्रोनलाही नाही. ती ठाऊक असते शेजारच्या आजीला, जिने लहानपणी तिथून पाणी भरलेले असते.

18 फेब्रुवारी 2025 ला रायसेनमधून ‘नक्शा’ या शहरी जमिनींच्या नोंदींच्या केंद्रीय योजनेची सुरुवात झाली. पहिल्या टप्प्यात सुरुवातीला देशातली 152 शहरे घेतली. हवाई छायाचित्रे घ्यायची, मग जागेवर जाऊन मालकी पडताळायची आणि हरकती ऐकायच्या, अशी तिची पद्धत. या पडताळणीला येणाऱ्या मुलांनी लांबी-रुंदी आणि मजल्यांसोबत आणखी एक गोष्ट विचारावी, अशी माझी मनापासून मागणी आहे : इथे पूर्वी विहीर होती का, आणि नाला कुठून वाहायचा? उत्तर देणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.