खडकवासल्याहून दुंडिगलला: पायलट दोन गावांत का घडतो?

‘एनडीएला लागला, म्हणजे पोरगा पायलट झालाच,’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. प्रत्यक्षात एनडीएच्या, म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या तीन वर्षांत हवाई दलाच्या छात्राचं उड्डाण म्हणजे शेवटी शेवटी सुपर डिमोना या दोन आसनी मोटार-ग्लायडरमधून मारलेल्या फेऱ्या. विमान चालवायला तो शिकतो हैदराबादजवळ दुंडिगलला, हवाई दलाच्या अकादमीत, आणि छातीवर ‘विंग्ज’, म्हणजे वैमानिकाचं पंखांचं चिन्ह, लागतं तेही तिथेच. ही दोन गावांची विभागणी मुद्दाम केलेली आहे आणि तिच्यामागे बराच इतिहास आहे.

सुरुवातीला असं काही नव्हतं. 1930 मध्ये निवडलेले पहिले भारतीय तरुण इंग्लंडमध्ये क्रॅनवेलला, ब्रिटिश हवाई दलाच्या कॉलेजात गेले. अधिकारी होणं आणि वैमानिक होणं, दोन्ही एकाच आवारात. 8 ऑक्टोबर 1932 रोजी भारतीय हवाई दल स्थापन झालं तेव्हा त्याच्याकडे पाच वैमानिक होते. क्रॅनवेलला गेलेले सहावे टंडन. उंची कमी पडली म्हणून त्यांना विमानाऐवजी साहित्य-पुरवठ्याचं काम मिळालं. आजही एसएसबीनंतरच्या, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीनंतरच्या, वैद्यकीय तपासणीत उंचीबरोबर पायांची, मांडीची आणि बसल्यावरची लांबी टेपने मोजतात. पायाची लांबी 99 सेंटिमीटरच्या आत भरली की पायलट होण्याचा विषय संपला. कॉकपिट काही माणसाच्या मापाने शिवून मिळत नाही!

एका जागी सगळं शिकवण्याची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाने मोडली. वैमानिक घाईने हवे होते. प्राथमिक धडे लाहोरजवळच्या वॉल्टनला, पहिलं उड्डाण बेगमपेट किंवा जोधपूरला, पुढचं अंबाल्याला, अशी साखळीच तयार झाली.

युद्ध संपता संपता तेव्हाचे सरसेनापती ऑकिनलेक यांच्या समितीने जगभरच्या सैनिकी अकादम्या अभ्यासल्या आणि डिसेंबर 1946 मध्ये अहवाल दिला: भूदल, नौदल, हवाई दल या तिन्ही दलांची मुलं आधी एकत्र शिकवा, मग आपापल्या दलाच्या प्रशिक्षणाला पाठवा. आजच्या दोन टप्प्यांचं मूळ इथे आहे. जानेवारी 1949 मध्ये डेहराडूनला संयुक्त वर्ग सुरू झाले, त्याच वर्षी 6 ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी खडकवासल्याला पायाभरणी केली आणि 16 जानेवारी 1955 रोजी प्रबोधिनीचं रीतसर उद्घाटन झालं. बांधकामाला सुदानच्या देणगीचा हातभार होता. तिथे लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मारकासाठी आलेल्या एक लाख पौंडांपैकी फाळणीनंतर 70 हजार भारताच्या वाट्याला आले. मुख्य इमारतीला ‘सुदान ब्लॉक’ म्हणतात ते म्हणूनच.

उड्डाणाच्या बाजूला मात्र स्वतंत्र अकादमी यायला वेळ लागला. दुंडिगलची पायाभरणी 1967 ची, उद्घाटन 1971 चं. तोवर नवशिके ज्या एचटी-2 वर हात बसवत होते, ते देशी विमान कोल्हापूरकडच्या विष्णू माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली तयार झालं होतं. 1951 मध्ये ते पहिल्यांदा उडालं. पुढचं किरण हे जेट प्रशिक्षण विमानही त्यांच्याच हाताखालचं. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव आपल्या शाळांत फारसं ऐकू येत नाही, याची रुखरुख वाटते. आता दुंडिगलला सुरुवात पिलाटस पीसी-7 वर होते आणि पहिल्या टप्प्यानंतर लढाऊ, मालवाहू, हेलिकॉप्टर अशा वाटा फुटतात.

मुलींच्या बाबतीत तर हे दोन टप्पे उलटेच उघडले. थेट भरतीतून आलेल्या महिला 1994 पासून हेलिकॉप्टर आणि मालवाहू विमानं चालवू लागल्या. जून 2016 मध्ये तिघी दुंडिगलमधून लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. बारावीनंतर खडकवासल्याला जाण्याची वाट मात्र सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये आदेश दिल्यावरच मोकळी झाली. पहिल्या तुकडीतल्या 17 जणी 30 मे 2025 रोजी तिथून उत्तीर्ण झाल्या. त्यांतल्या हवाई दलाच्या मुलींचा पुढचा मुक्काम दुंडिगल.