पाणकणसाच्या देठातून वर येणारा मिथेन

खडीचा वाफा, त्यात लावलेली कर्दळ नि पाणकणीस, आणि खालून वाहणारं सांडपाणी. पन्नासच्या दशकात केटे झायडेल या जर्मन शास्त्रज्ञ बाईंनी पाणवनस्पतींवर प्रयोग सुरू केले, त्यांतून सांडपाणी शुद्ध करण्याची ही पद्धत वाढली. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेचं 'फायटोरिड' तंत्रज्ञान याच कुळातलं. वीज फारशी लागत नाही, दिसायलाही छान. त्यामुळे 'पर्यावरणपूरक' असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. पण या वाफ्यातून वायूही बाहेर पडतात, आणि किती पडतात हे लावलेल्या झाडांपेक्षा पाण्याला हवा कशी भेटते यावर अधिक ठरतं.

पाणी शुद्ध करण्याचं बरंचसं काम झाडं नव्हे, तर खडीवर आणि मुळांभोवती राहणारे सूक्ष्मजीव करतात. प्राणवायू मिळाला तर ते मैल्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करतात. तो मुळात आपल्या अन्नातून, म्हणजे पिकांनी हवेतूनच घेतलेला, म्हणून हवामानाच्या हिशेबात धरत नाहीत. प्राणवायू, मग त्याच्या जागी चालणारं नायट्रेट आणि सल्फेटही संपलं, की मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं फावतं. आणि १०० वर्षांच्या मुदतीत एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो.

पाणकणसाची भूमिका इथे दुटप्पी आहे. चिखलात मुळं गुदमरू नयेत म्हणून त्याच्या देठात हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून प्राणवायू खाली जातो, मुळांतून थोडा बाहेर झिरपतो आणि तिथले जिवाणू मिथेन खाऊन टाकतात. पण त्याच पोकळ्यांतून उरलेला मिथेन, त्या जिवाणूंना चकवून, थेट हवेत निसटतो. भातखाचरातला मिथेनही बहुतांशी याच वाटेने येतो.

'आयपीसीसी' या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीने २०१३ साली अशा वाफ्यांसाठी स्वतंत्र गुणांक दिले. प्राणवायू अजिबात नसताना जेवढा मिथेन होऊ शकेल, त्याच्या ४० टक्के उघड्या पाण्याच्या तळ्यात होतो. खडीतून आडव्या वाहणाऱ्या वाफ्यात १० टक्के. वरून थांबून थांबून पाणी सोडायचं आणि ते झिरपून गेलं की मागोमाग हवा आत शिरते, अशा उभ्या वाफ्यात फक्त १ टक्का! भारतीय माणसामागे दिवसाला ३४ ग्रॅम बीओडी, म्हणजे जैविक घाणीचं माप, धरलं, तर माझ्या आकडेमोडीत वर्षाला कार्बन डायऑक्साइडच्या मापात अनुक्रमे ८०, २० आणि २ किलो येतात. झाडं तीच लावली तरी फरक चाळीसपट.

तुलनेला यांत्रिक प्रकल्प घेऊ. घनमीटरला अर्धा युनिट वीज आणि माणशी रोज १०० लिटर सांडपाणी धरलं, तर नुसत्या विजेचेच साधारण १३ किलो होतात. म्हणजे उघडं तळं या एका बाबतीत यंत्रापुढे हरतं, उभा वाफा सहज जिंकतो.

नायट्रस ऑक्साइडचं गणित मात्र उलटसुलट आहे. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक. नायट्रेटचा निरुपद्रवी नायट्रोजन होण्याची प्रक्रिया मध्येच अडखळली की तो सुटतो, आणि धड प्राणवायू नाही, धड त्याचा पूर्ण अभावही नाही, अशा जागी ती हमखास अडखळते. म्हणून आडव्या वाफ्याचा नायट्रस ऑक्साइडचा गुणांक उघड्या तळ्याच्या सहापट आहे.

हे सगळं वाफा नीट चालतोय असं धरून. खडी तुंबली की पाणी वर साचतं, आणि कागदावरचा उभा वाफा प्रत्यक्षात डबकं होतो. शिवाय आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी आधी सेप्टिक टँकमध्ये साचून राहतं. तिचा गुणांक ५० टक्के, म्हणजे कर्दळीपर्यंत पाणी पोचण्याआधीच बराचसा मिथेन उडून गेलेला असतो. फ्रान्समधल्या गावांनी टाकीच वगळली. तिथे चाळलेलं कच्चं सांडपाणी थेट उभ्या वाफ्यावर आळीपाळीने सोडतात, गाळ वरच वाळून कुजतो आणि साधारण दहा-पंधरा वर्षांनी खरवडून काढतात.