नोकरीवरून काढलंय? कंपनीच्या अपिलाची वाट बघत बसू नका

आमच्याकडे फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: नोकरीचा शेवटचा दिवस कोणता? मॅनेजर काय बोलला हे सांगायला माणूस उतावीळ असतो, त्याला हा प्रश्न कोरडा वाटतो. तरी आम्ही तोच आधी विचारणार. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये अन्यायाने काढल्याचा दावा एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीचे वाद ऐकणाऱ्या न्यायालयात, न्यायची मुदत आहे तीन महिन्यांना एक दिवस कमी. १० मार्चला नोकरी गेली, तर ९ जून हा शेवटचा दिवस. नोटिशीचा पगार हातात ठेवून त्याच दिवशी घरी पाठवलं असेल तर मोजणी त्याच दिवसापासून, पैसे पुढच्या महिन्याचे असले तरी.

घोळ होतो तो कंपनीतल्या अपिलात. ‘एचआरचा निकाल येऊ दे, मग बघू,’ असं म्हणून लोक थांबतात. तिकडे सुनावणी पुढे ढकलली जाते, कोणीतरी रजेवर जातं, ‘लवकरच कळवू’ असे ईमेल येत राहतात, आणि मुदत सरत असते. अपील जरूर करा. विनाकारण टाळलंत तर भरपाई कापली जाऊ शकते. पण त्याने मुदत थांबत नाही. थांबते ती ‘एकॅस’ला (नोकरीच्या वादात मध्यस्थी करणारी सार्वजनिक संस्था) अर्ली कन्सिलिएशनसाठी, म्हणजे दाव्याआधीच्या तडजोडीसाठी, कळवल्यावर. ट्रायब्युनलला जाण्याआधी ही पायरी बहुतेक दाव्यांत सक्तीचीच आहे. ती फुकट आहे, ऑनलाइन होते, त्यासाठी आम्हाला पैसे देऊ नका. फक्त कंपनीचं नाव करारावर किंवा पेस्लिपवर आहे तेच घाला; दारावरच्या पाटीवर भलतंच असू शकतं. तडजोड झाली नाही तर प्रमाणपत्र मिळतं, त्यावरचा नंबर दाव्याच्या ईटी१ फॉर्मवर लागतो.

मुदत उलटलेली प्रकरणं आम्ही सहसा घेत नाही. ‘अपिलाची वाट बघत होतो’ एवढं कारण ट्रायब्युनलला बहुधा पुरत नाही, मग तुमची फी कशाला घ्यायची?

अन्यायाने काढल्याच्या दाव्याला सहसा दोन वर्षांच्या नोकरीची अट असते, पण तेवढी झाली नाहीत म्हणून गप्प बसू नका. भेदभाव, गरोदरपण किंवा गैरप्रकार उघड केल्यावरून काढलं असेल, तर ती अट नाही. २०२५ च्या नव्या कायद्यात ही अट आणि मुदत दोन्ही सैल करायची तरतूद आहे, पण ती टप्प्याटप्प्याने. तुमच्या तारखेला कोणता नियम लागतो ते पहिल्या फोनवरच सांगतो.

ट्रायब्युनलची स्वतःची फी २०१७ पासून नाही. फोन करताना काढल्याचं पत्र आणि शेवटची पेस्लिप जवळ ठेवा. पत्र दिलंच नसेल तर व्हॉट्सॲपवरचा मेसेजही चालेल, तेवढा डिलीट करू नका.