काळ्या स्क्रीनवर कोटेशन

रविवारी दुपारी ऐरोलीत धो धो पाऊस, संध्याकाळी सोसायटीची मीटिंग, आणि अपडेट मारल्यावर माझ्या जुन्या लिनक्स लॅपटॉपचा डेस्कटॉपच उघडेना. नुसती काळी स्क्रीन. टाकीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन त्याच्यातच पडलेलं, पीडीएफमध्ये, आणि मी मोठा शहाणा, फोनवर घेतलंच नव्हतं.

पण डेस्कटॉप गेला म्हणून फाइल थोडीच जाते. कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबलं, टेक्स्ट कन्सोल आला, म्हणजे नुसती कमांड टाइप करायची स्क्रीन, लॉगिन केलं. साधी टेक्स्ट फाइल असती तर 'लेस' नावाच्या फाइल वाचायच्या प्रोग्रामने वाचून मोकळा झालो असतो. त्याच्या आधी 'मोर' होता (पक्षी नव्हे), 1978 साली बर्कलीत डॅनियल हॅल्बर्टने लिहिलेला, तो पुढेच पानं उलटायचा, मागे जायची सोय हवी म्हणून मग मार्क न्यूडेलमनने 'लेस' केला. वर्डची डॉकएक्स फाइलही सोपी, ती खरं तर झिपच असते, उघडली की आत एक्सएमएलमध्ये मजकूर सापडतो.

पीडीएफचं मात्र वेगळंच आहे. त्यात ओळी, परिच्छेद असं काही असेलच असं नाही, 'हे अक्षर डावीकडून इतकं, खालून इतकं' अशा सूचना असतात, आणि मोजायचं एकक साधारणपणे इंचाचा 72वा भाग. दोन शब्दांमधली स्पेससुद्धा बऱ्याचदा नसतेच, पीडीएफमधून मजकूर काढणारा 'पीडीएफटूटेक्स्ट' हा प्रोग्राम दोन अक्षरांमधली फट बघून इथे स्पेस असावी असा अंदाज बांधतो. म्हणून टेबलं विस्कटतात, 'लेआउट' ऑप्शन दिला तर कॉलम बऱ्यापैकी जागेवर राहतात. आणि फाइल स्कॅन केलेली असेल तर हाती कोरं पान, कारण आत फक्त फोटो.

माझी स्कॅन नव्हती, कमांड चालली, आणि समोर आलं काय, तर आकडे एकदम नीट आणि मराठीच्या जागी चौकोनांची रांग. म्हणजे पैसे किती ते कळतंय, कशाचे ते नाही!

दोष फाइलचा नव्हता. लिनक्सचा कन्सोल म्हणजे चौकटींची वही, एका चौकटीत एक आकार, आणि फॉन्टमध्ये जास्तीत जास्त 512 आकार. आपलं 'क्षि' घ्या, क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी, असे चार कोड एकामागे एक साठवलेले, पण दाखवताना शेवटची वेलांटी सगळ्यात आधी काढायची आणि क-ष जोडून एक करायचे. ही जुळवाजुळव तो कन्सोल करतच नाही, देवनागरी फॉन्ट घातला तरी अक्षरं सुटी सुटीच दिसणार.

मग दुसरी वाट, फ्रेमबफर. स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग मेमरीच्या एका तुकड्यात असतो, तिथे थेट लिहिलं की विंडो-बिंडो काही नसताना चित्र उमटतं. 'एफबीजीएस' नावाचा प्रोग्राम नेमकं हेच करतो, घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामकडून पानाचं चित्र काढून घेतो आणि फ्रेमबफरवर टाकतो. अक्षरांचे आकार फाइलमध्ये आधीच जोडून ठेवलेले, त्यामुळे जुळवायचं काही उरतच नाही. आधी परवानगी नाही म्हणाला, माझ्या युजरला 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये, म्हणजे फ्रेमबफर वापरायची मुभा असलेल्या गटात, घातलं, परत लॉगिन केलं, आणि पान आलं की हो, लेटरहेडसकट.

तेवढ्यात सेक्रेटरी काकांचा फोन. "काय रे, कोटेशन मिळालं का?"

"मिळालं काका, पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय, जीएसटी वेगळा."